वकट, लेंड, मूंड... हे तुम्हांला कोणी शिकवले?

विटी-दांडू खेळणाऱ्या मुलांना एक प्रश्न विचारून पहा. खेळताना तुम्ही ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणता, ते शब्द तुम्हांला कोणी शिकवले? क्रमिक पुस्तकात ते नाहीत. गुरुजींनी ते शिकवलेले नाहीत. घरी विचारले तर आजोबांना ते पाठ असतात, पण नातवाला ते काही आजोबांनी शिकवलेले नसतात. बहुतेक मुले उत्तर देतील, “कोणी शिकवले म्हणजे? सगळेच म्हणतात!”

हे उत्तर वाटते तितके पोकळ नाही. या लेखात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या गावी हे शब्द मोजणीचे होते. विटी टोलवली, ती जिथे पडली तिथून गल्लीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. दांडूच्या पहिल्या लांबीला वकट, दुसऱ्या लांबीला लेंड, मग मूंड, नाल, आर, वेद आणि सातव्याला झकू. झकू आला की पुन्हा वकटापासून सुरुवात. मोजणी ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा हे ठरे. कशाला विटी पायाच्या पंजावर ठेवायची, कशाला मुठीवर, कशाला डोळ्यावर, असे नियम होते. अंतर २४ दांडू भरले तर मोजणी कुठे संपेल? साताचे तीन फेरे झाले, म्हणजे २१, उरले तीन, म्हणून मूंड. ज्याला शाळेत भागाकारातली बाकी काढता येत नसे, तो मुलगाही मैदानावर ती बिनचूक काढत असे. साताने भागून उरणाऱ्या बाकीलाच आम्ही वकट, लेंड, मूंड म्हणत होतो.

आता या शब्दांकडे नीट पहा. मराठीत त्यांतल्या ‘वकट’ला काही अर्थ नाही. पण शेजारच्या भाषांत डोकावून पाहू. कन्नडमध्ये एक, दोन, तीन, चार यांना ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु म्हणतात. तेलुगूमध्ये म्हणतात ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. लक्षात आले ना? बोलताना तेलुगू माणसाच्या तोंडी सुरुवातीच्या ‘ओ’च्या आधी किंचित ‘व’ येतो आणि ‘वोकटि’ असे ऐकू येते. वकट, लेंड, मूंड, नाल हे चक्क तेलुगू आकडे आहेत! ज्यांनी आयुष्यात तेलुगू माणूस पाहिलेला नाही अशी मराठी मुलेही पिढ्यान् पिढ्या तेलुगूत मोजत आली आहेत, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

ते आपल्याकडे आले कसे याचे फार आश्चर्य वाटायला नको. मराठी आणि तेलुगू मुलखांची सीमा लांबलचक आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. सोलापुरात तेलुगू बोलणारे विणकर मोठ्या संख्येने स्थायिक झालेले आहेत. मोठी माणसे बाजारात भेटतात आणि व्यवहारापुरते बोलतात. मुले मात्र भेटली की दहा मिनिटांत डाव मांडतात, आणि डाव मांडायला खेळाचे शब्द लागतात. खरे आश्चर्य वेगळेच आहे. ते असे की, हे शब्द टिकले कसे? अर्थ माहीत नाही, लिहून ठेवलेले नाहीत, शिकवणारा कोणी नाही. तरीसुद्धा चौघांचा क्रम जसाच्या तसा राहिला!

टिकले हे आश्चर्य का, ते समजण्यासाठी थोडा हिशेब करू. अंगाईगीत आईकडून मुलीकडे जाते. ती मुलगी आई झाली की पुढे देते. या दोन वेळांत साधारण २५ वर्षे जातात. म्हणजे १०० वर्षांत चार वेळा हस्तांतर. मैदानावरच्या गाण्याचे तसे नसते. दुसरीतला मुलगा ते चौथीतल्याकडून उचलतो आणि दोन-तीन वर्षांत स्वतः चौथीत जाऊन धाकट्यांना देतो. अडीच वर्षांना एक हस्तांतर धरले तर १०० वर्षांत ४० हस्तांतरे होतात. आणि हा अंदाजही कमीच धरलेला आहे. कारण सकाळी ऐकलेले गाणे मधल्या सुट्टीत दुसऱ्याला शिकवणारी मुले वर्गोवर्गी असतात.

इंग्लंडमध्ये आयोना ओपी आणि पीटर ओपी या पतिपत्नींनी या विषयाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी सुमारे ७० शाळांतल्या ५,००० मुलांकडून गाणी, कोडी, शपथा, चिडवण्याच्या ओळी, खेळांचे शब्द असे सारे गोळा केले आणि १९५९ साली त्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, शंभर वर्षे, किंबहुना पन्नासच वर्षे चालत आलेले गाणे दोनशे-तीनशे मुलांच्या साखळीतून आलेले असणे अगदी शक्य आहे. इतक्या हातांतून गेल्यावर वस्तू झिजतेच. मग गाणे का झिजत नाही?

झिजते. पण ते दुरुस्तही होते.

प्रथम झीज पाहू. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ साली आपल्या पुस्तकात काही प्रयोग वर्णन केले आहेत. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. काही प्रयोगांत एकाने लिहिलेले दुसऱ्याला, दुसऱ्याने लिहिलेले तिसऱ्याला अशी साखळी केली. कथा दर टप्प्याला आखूड होत गेली. शिवाय जे अनोळखी होते ते ओळखीचे होत गेले. मूळ कथेत आदिवासींच्या अरुंद होड्या होत्या. त्यांच्या साध्या नावा झाल्या. सीलची शिकार करायला निघालेले तरुण मासे धरू लागले. कोणी मुद्दाम बदल केला नव्हता. आपले मनच अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाकडे ओढून नेते.

हीच ओढ आपल्या चार शब्दांत दिसते. ‘रेंडु’चा ‘लेंड’ झाला. र आणि ल यांची अदलाबदल लहान मुले करतातच. पण लेंड हा शब्द मराठीत आधीच होता, आणि त्याचा अर्थ माहीत असल्यामुळे तो उच्चारताना मुलांना हसू फुटत असणार हे काय वेगळे सांगायला हवे? ‘नालुगु’चे शेपूट तुटून ‘नाल’ उरला. घोड्याच्या टापेला ठोकतात तो नाल. ‘आरु’ म्हणजे सहा. त्याचा ‘आर’ झाला. बैलाला टोचायची आर शेतकऱ्याच्या मुलाला चांगलीच ठाऊक. परके आकडे मराठी कपडे घालून बसले.

‘मूंड’ची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. आजच्या तेलुगूत तीनला ‘मूडु’ म्हणतात, त्यात अनुस्वार नाही. मग आपल्याकडे तो आला कुठून? जुन्या तेलुगू लेखनात याच शब्दात अर्धा अनुस्वार लिहीत असत. तेव्हा एक तर्क असा करता येतो की, तेलुगू बोलीतून गेलेला अनुनासिक आवाज मराठी मुलांच्या तोंडी, खडकात जीवाश्म राहावा तसा राहून गेला. दुसरा तर्क असा की, आधीच्या ‘लेंड’शी यमक जुळावे म्हणून मुलांनीच अनुस्वार घातला. तुम्ही कोणता तर्क धराल? मला वाटते, दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. अनुस्वार मुळात असला तरी यमकाचा टेकू मिळाल्यामुळेच तो टिकला असावा.

यमक म्हटले की आपण दुरुस्तीकडे येतो. तारयंत्राने किंवा रेडिओने संदेश पाठवताना वाटेत खरखर मिसळते आणि एखादे अक्षर चुकते. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने दाखवून दिले की, संदेशात थोडी जादा माहिती योग्य तऱ्हेने भरली तर खरखर असूनही संदेश जवळजवळ बिनचूक पोचवता येतो. गाण्यातले यमक आणि ठेका ही अशीच जादा माहिती आहे. समजा, ओळीचा शेवटचा शब्द विसरलात. यमकामुळे शंभर शब्दांतून चारपाचच शक्य उरतात. ठेक्यामुळे त्यातले तीन अक्षरांचे असलेले बाद होतात. अर्थामुळे आणखी एखादा बाद होतो. उरतो तो मूळचाच शब्द! डेव्हिड रुबिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९५ च्या आपल्या ग्रंथात महाकाव्ये, पोवाड्यांसारखी कथागीते आणि मुलांची चकण्याची गाणी यांचा एकत्र विचार करून हेच मांडले आहे. एकेक बंधन सैल असते, पण सगळी मिळून शब्दाला जागच्या जागी धरून ठेवतात.

ठेक्याबद्दल एक गमतीची गोष्ट. रॉबिन्स बर्लिंग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली इंग्रजी, पेकिंगची चिनी आणि सुमात्रातील बेंगकुलू अशा एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या भाषांतली बालगीते तपासली. तिन्हींत एकच साचा वारंवार सापडला. चार ओळी, प्रत्येक ओळीत चार ठोके, एकूण १६ ठोके. काही ठोक्यांवर शब्द नसतो, नुसता थांबा असतो, पण टाळी मात्र पडते. पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे आपले गाणे तुम्हां सर्वांना येते. टाळी वाजवत म्हणा आणि ओळीत किती टाळ्या बसतात ते मोजा. (ही मोजणी मनातल्या मनात करू नका, हाताने करा. मनातले घड्याळ फार लबाड असते.)

दुरुस्तीचे दुसरे साधन आहे समुदाय. गाणे एकाच्या कानात एकाने सांगितले आणि गाणे दहाजणांनी मिळून म्हटले, यांत केवढा फरक पडतो ते आकड्यांनी पाहू. समजा, एकाने दुसऱ्याला गाणे देताना एखाद्या ठिकाणी चूक होण्याची संभाव्यता शंभरात पाच आहे, म्हणजे ०.०५. तर ते ठिकाण एका हस्तांतरात बिनचूक राहण्याची संभाव्यता ०.९५. एकामागून एक २० हस्तांतरांत ते सतत बिनचूक राहण्याची संभाव्यता म्हणजे ०.९५ चा विसावा घात. तो येतो सुमारे ०.३६. अर्थात तीनातून दोन वेळा गाणे बिघडणार.

आता समजा, नवा मुलगा तिघांकडून ऐकतो आणि ज्या बाजूला दोघे असतील ते खरे धरतो. तो चुकण्यासाठी तिघांपैकी निदान दोघांची चूक व्हायला हवी. दोघे नेमके चुकण्याची संभाव्यता ३ × ०.०५ × ०.०५ × ०.९५, म्हणजे ०.००७१२५, तिघेही चुकण्याची ०.०५ चा घन, म्हणजे ०.०००१२५. बेरीज ०.००७२५. शंभरात पाच चुका होत्या, त्या हजारात सातांवर आल्या! आता २० हस्तांतरांनंतर बिनचूक राहण्याची संभाव्यता ०.९९२७५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८६. तिघांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि चुकणारे दोघे एकच चूक करतात असे आपण येथे धरले आहे. ते तंतोतंत खरे नसते, पण मुद्दा त्याने बदलत नाही. “सगळेच म्हणतात” या उत्तरातच गाणे टिकण्याचे कारण आहे. नव्या मुलाने चुकीचा शब्द म्हटला की चारपाच जण एकदम ओरडतात, “ए, असे नाही!” कोणत्याही व्याकरणपंडितापेक्षा ही मंडळी कडक असतात.

इतकी कडक, तर मग एकाच गाण्याचे गावोगावी निराळे पाठ का सापडतात? सगळा दोष विसरण्यावर टाकणे बरोबर नाही. काही बदल लबाडीने होतात.

चकण्याचे गाणे घ्या. मुले गोलात उभी राहतात, एकजण प्रत्येक ठोक्याला एकेकावर बोट ठेवत जातो, शेवटचा ठोका ज्याच्यावर पडेल तो सुटला. १६ ठोक्यांचे गाणे आणि ५ मुले असतील तर कोण सुटेल? १६ ला ५ ने भागा, बाकी १. ज्याच्यापासून मोजायला सुरुवात झाली तोच सुटणार. ६ मुले असतील तर बाकी ४, चौथा सुटेल. ७ असतील तर दुसरा. ८ असतील तर बाकी शून्य, म्हणजे आठवा, शेवटचा. तात्पर्य, ज्याला हे पाठ आहे त्याच्या दृष्टीने यात नशिबाचा भाग मुळीच नाही. केनेथ गोल्डस्टीन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या मुलांचे खेळ जवळून पाहिले आणि १९७१ साली त्यावर निबंध लिहिला. “हे सारे नशिबावर असते,” असे सांगणारी मुले प्रत्यक्षात नाना युक्त्या करत होती. कोणी मोजताना स्वतःला वगळी, कोणी ठोक्यांचा हिशेब करून सोयीचे गाणे निवडी. आणि एक युक्ती आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गाणे संपले आणि ते नको त्या मित्रावर संपले, की मोजणारा ऐन वेळी त्याला आणखी एक ओळ जोडून देई! धाकट्या मुलांना वाटते, गाणे एवढेच आहे. ती शेपटासकट शिकतात. पुढच्या वर्षी तेच शेपूट मूळ गाणे म्हणून चालू लागते.

आता गाणे किती वेगाने पसरते ते पाहू. १९३६ च्या डिसेंबरात इंग्लंडचे राजे आठवे एडवर्ड यांनी मिसेस सिम्प्सन या बाईंशी लग्न करण्यासाठी सिंहासन सोडले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथली वर्तमानपत्रे या प्रकरणाबद्दल गप्प होती. बातमी फुटली, आणि नाताळची सुट्टी लागायच्या आत शाळकरी मुले नाताळच्या एका भक्तिगीताचे विडंबन करून राजेसाहेबांवर म्हणू लागली. दक्षिणेतल्या चिचेस्टरमध्ये तेच, उत्तरेतल्या लिव्हरपूल आणि ओल्डहॅममध्येही तेच. चिचेस्टर ते लिव्हरपूल हे अंतर ३०० किलोमीटरहून अधिक आहे. असले गाणे छापणे किंवा रेडिओवरून म्हणणे तर शक्यच नव्हते. ओपी पतिपत्नींनी याची नोंद करून ठेवली आहे.

पाण्याने भरलेल्या काचपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाका. जांभळा रंग सावकाश, कणाकणाने सरकतो. गाणे जर असेच घराघराने सरकले असते तर दोन-तीन आठवड्यांत फार तर पुढच्या तालुक्यात पोचले असते. पण मुलांच्या जाळ्यात काही धागे लांब असतात. एखाद्याची मावसबहीण दुसऱ्या गावी असते, एखाद्याच्या वडिलांची बदली होते. १९९८ साली वॅट्स आणि स्ट्रोगॅट्झ या दोघांनी गणिताने दाखवले की, शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या जाळ्यात असे अगदी थोडे लांब धागे घातले तरी कोणत्याही दोन टोकांमधले अंतर एकदम कमी होते. आपल्याकडे हे काम मे महिना करतो. एस.टी.तून मुले मामाच्या गावी जातात, चार नवी गाणी देतात, चार घेऊन येतात आणि जूनमध्ये शाळेत त्यांचे वाटप होते. वर्षातून एकदा सगळे मिश्रण असे ढवळून निघते.

परक्या आकड्यांच्या बाबतीत आपण एकटे नाही. उत्तर इंग्लंडमध्ये मेंढपाळ मेंढ्या मोजताना आणि बायका विणकामाचे टाके मोजताना ‘यान, तान, तेथेरा’ अशा शब्दांनी मोजत. मुलांच्या खेळातही ते उतरले. त्यांतला पाचासाठीचा ‘पिम्प’ हा शब्द इंग्रजी ‘फाइव्ह’पेक्षा वेल्श भाषेतल्या पाचाच्या जवळचा आहे. सभोवतालची भाषा बदलली तरी मोजणीची साखळी राहिली. याचे कारण माझ्या मते सोपे आहे. ज्या शब्दाला अर्थ असतो त्याचे भाषांतर करता येते. ज्याला नुसता क्रम असतो त्याचे काय भाषांतर करणार? तो जसाच्या तसा घ्यावा लागतो.

पण अशा साखळीत एक मोठा धोकाही आहे. अंगाईगीत एक पिढी विसरली तरी आजीला आठवते. मैदानावरच्या गाण्याची कडी दोन-तीन वर्षांचीच असते. त्या मुदतीत मोठी मुले आणि छोटी मुले एकत्र खेळलीच नाहीत तर कडी तुटते. मोठ्या माणसांना ती सहसा जोडता येत नाही, कारण ही गाणी मुले आपल्याकडून शिकत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पुष्कळ ठिकाणी धाकट्या मुलांचे वर्ग दीड वर्षाहून जास्त काळ बंद राहिले. आपल्या हिशेबाने हे जवळजवळ एक पूर्ण हस्तांतर झाले. दूरदर्शन आणि मोबाईल यांना मात्र सरसकट दोष देऊ नका. २००९ ते २०११ या काळात लंडन आणि शेफील्डच्या शाळांत पाहणी झाली, तेव्हा टाळ्यांचे खेळ आणि गाणी चांगली जिवंत आढळली. चित्रपटांतल्या आणि दूरदर्शनवरच्या गोष्टी मुलांनी त्यांत बिनदिक्कत मिसळून टाकल्या होत्या. जागा आणि वेळ मिळाला तर मुले आपले काम करतात. विटी-दांडूला मात्र मोकळे मैदान लागते, आणि ते शहरांत दुर्मीळ झाले आहे. म्हणून त्याचे शब्द आता गोळा केले पाहिजेत.

त्यात एक कोडे अजून सुटायचे आहे. तेलुगूत पाच म्हणजे ऐदु, सहा म्हणजे आरु, सात म्हणजे एडु. आमच्या गावच्या मोजणीत पाचव्या जागी ‘आर’ होता आणि सहाव्या जागी ‘वेद’. म्हणजे पाचव्या जागी सहा येऊन बसला! याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. एक, ऐदु मध्येच गळाला, मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले, ‘एडु’चा ‘वेद’ झाला आणि सातवे घर भरायला ‘झकू’ आला. दुसरे, पाच आणि सहा यांची नुसती अदलाबदल झाली आणि ‘वेद’ म्हणजे ‘ऐदु’च.

कोणते खरे, ते तुम्ही शोधू शकाल. आजोबा, शेजारचे काका, शाळेतले शिपाईमामा, जे जे कोणी विटी-दांडू खेळलेले असतील त्यांना मोजून दाखवायला सांगा. शब्द त्यांच्या तोंडून येतील तसेच लिहा, सुधारू नका. शेजारी त्यांचे लहानपणीचे गाव, तालुका आणि ते साधारण कोणत्या साली खेळत होते ते लिहा. मग महाराष्ट्राच्या नकाशावर खुणा करा. ‘नाल’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये ‘ऐद’सारखा एखादा शब्द कुठे सापडतो का पहा, सापडलाच तर ते गाव तेलुगू मुलखाच्या जवळ आहे की दूर, तेही पहा. तिथे मोजणी सातावर संपते की आठावर, हे विचारायला मात्र विसरू नका.